बडोद्यात बसून लिंक्डइन सुरू करताना: दोन संध्याकाळींचं काम

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याला ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगसाठी माणूस हवा असतो, तेव्हा एचआरमधली व्यक्ती लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळाच्या शोधपेटीत तीन-चार शब्द टाकते: ट्रान्सफॉर्मर, टेस्टिंग, वडोदरा, कधी जोडीला आयएस २०२६ हा ट्रान्सफॉर्मरच्या भारतीय मानकाचा क्रमांक. समोर जी यादी येते तिच्यातली वरची काही नावं उघडून पाहिली जातात. ज्याच्या प्रोफाइलवर हे शब्दच नाहीत तो त्या यादीत येत नाही, मग हातात दहा वर्षांचं काम का असेना. बायोडेटा आपण नेऊन देतो. प्रोफाइल दुसरं कुणीतरी शोधून काढतं. म्हणून पुढचा प्रत्येक रकाना भरताना एकच प्रश्न मनात ठेवा: मला शोधणारा माणूस काय टाइप करेल?

दोन संध्याकाळी पुरतात. पहिल्या दिवशी खातं, नाव, फोटो, हेडलाइन आणि शिक्षण. दुसऱ्या दिवशी कामाचा अनुभव, अबाउट आणि स्किल्स. अनुभवाचा भाग सर्वांत जास्त वेळ खातो आणि खायलाच हवा.

बसण्याआधी

शक्यतो संगणकावर बसा. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये सगळं होतं, पण लांब मजकूर लिहिताना चुका राहतात आणि काही सेटिंग सापडायला वेळ लागतो. लिंक्डइनचे मेनू आता मराठीतही करता येतात. तरी सुरुवातीला इंग्रजीच ठेवा, कारण मदतीला कुणाला विचारलंत तर तो बटणाचं इंग्रजी नावच सांगणार. इथेही ती नावं तशीच देतो आहोत.

ईमेल स्वतःचा, कायमचा हवा. कंपनीचा ईमेल देऊ नका: नोकरी सुटली की तो बंद होतो आणि विसरलेला पासवर्ड बदलायची वाटही त्याच्याबरोबर जाते. घरात सगळ्यांचा मिळून एकच ईमेल असेल तर स्वतःचा वेगळा काढा. गुणपत्रिका, अनुभवपत्रं आणि नेमणूकपत्रं शेजारी ठेवा. ज्यांचा पीएफ कापला जातो त्यांनी ईपीएफओच्या संकेतस्थळावर यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) टाकून सर्व्हिस हिस्टरी उघडावी आणि कोणत्या आस्थापनेत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होतो ते कागदावर उतरवून घ्यावं. ही तारीखवार यादी पुढे फार उपयोगी पडते.

कॉलेजात असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून खातं उघडलं होतं आणि मग विसरलात, असं तर नाही ना? आधी स्वतःचं नाव लिंक्डइनवर शोधून पाहा. जुनं खातं सापडलं तर तेच दुरुस्त करा. एका नावाची दोन प्रोफाइलं असली की ओळखीची माणसं दोन्हीकडे विभागली जातात आणि शोधणाऱ्याच्या हाती नेमकं रिकामं, जुनं लागतं.

खातं उघडताना काय टाळायचं

वयाची अट १६ पूर्ण अशी आहे. नाव, ईमेल, पासवर्ड, ठिकाण एवढं दिल्यावर लिंक्डइन दोन गोष्टी विचारतं आणि घाईत लोक दोन्हींना हो म्हणून बसतात. पहिली, फोनमधले सगळे संपर्क चढवण्याची परवानगी. तिथे स्किप करा, नाहीतर तुमच्या फोनबुकातला दूधवाला, डॉक्टर आणि जुना घरमालक यांना निमंत्रणं पाठवण्याची यादी तयार होते. दुसरी, प्रीमियमची, म्हणजे पैसे भरून घ्यायच्या खात्याची, एक महिन्याची मोफत चाचणी. तिच्यासाठी कार्ड द्यावं लागतं आणि महिना संपण्याआधी रद्द केलं नाही तर पैसे कापले जातात. नवख्याला प्रीमियमची काहीच गरज नाही. या लेखातलं सगळं मोफत खात्यावर होतं.

खातं तयार झालं की लगेच सेटिंग्जमध्ये जाऊन तीन कामं उरका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. व्हिजिबिलिटी या भागात, प्रोफाइलमधले बदल ओळखीच्यांना कळवण्याचं बटण बंद करा. नाहीतर तुम्ही एक तारीख दुरुस्त केली तरी लोकांना नवी नोकरी लागल्याची सूचना जाऊ शकते आणि अभिनंदनाचे निरोप येऊ लागतात. सध्या नोकरीत असताना नवी शोधणाऱ्याला हे फार अवघड जातं. अनुभव भरायच्या फॉर्मवरही 'नोटिफाय नेटवर्क' असं वेगळं बटण असतं, तेही प्रत्येक वेळी पाहून घ्या. तिसरं, जन्मतारीख फक्त स्वतःपुरती ठेवा. आधार, पॅन किंवा घरचा पत्ता प्रोफाइलवर कुठेच लिहायचा नसतो.

नाव

गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असा क्रम असतो. तो पाहून तसाच भरला की फर्स्ट नेमच्या जागी 'जाधव' आणि लास्ट नेमच्या जागी वडिलांचं नाव पडतं. मग तुम्हाला नाव-आडनावाने शोधणाऱ्याला तुम्ही नीट सापडत नाही आणि निरोपाची सुरुवात 'हॅलो जाधव' अशी होते. फर्स्ट नेममध्ये स्वतःचं नाव, लास्ट नेममध्ये आडनाव, बस. वडिलांचं नाव वगळलं तरी चालतं.

स्पेलिंगचा घोळ बडोद्यातल्या मराठी घरांना चांगलाच ठाऊक आहे. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. 'जाधव'मध्ये कधी एच आहे, कधी नाही. लिंक्डइनवर आधार आणि पीएफच्या नोंदीत जे आहे तेच ठेवा. भारतात डिजिलॉकरमार्फत आधार जोडून ओळख पडताळता येते आणि नावापुढे पडताळणीची खूण येते. तिथे नाव जुळावं लागतं. त्या नोंदींतच दोन स्पेलिंगं असतील तर आधी ती दुरुस्त करून घ्या, नोकरी लागताना ते प्रकरण नाहीतरी निघतंच.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांसाठी 'अ‍ॅडिशनल नेम' असा रकाना आहे. तिथे माहेरचं आडनाव घाला, म्हणजे कॉलेजच्या मैत्रिणींना आणि जुन्या वरिष्ठांना तुम्ही सापडता. नावाच्या रकान्यात इंजि., सीए, फोन नंबर, चांदण्या यांतलं काहीही नको.

फोटो

लग्नातल्या फोटोतून कापलेला चेहरा लगेच ओळखू येतो, कारण खांद्यावर दुसऱ्याचा हात राहिलेला असतो. वेगळा फोटो काढायला दहा मिनिटं लागतात. पोळीतल्या, म्हणजे जुन्या दाट वस्तीतल्या, घरांत आत अंधार असतो, तेव्हा सकाळी आठ-नऊच्या सुमारास गच्चीवर किंवा खिडकीकडे तोंड करून उभे राहा. मागे साधी भिंत असावी. फोन दुसऱ्याच्या हातात, डोळ्यांच्या उंचीवर. अंगात ज्या कपड्यांत मुलाखतीला जाल ते कपडे. चौकोनातला साधारण ६० टक्के भाग चेहऱ्याने भरलेला हवा. निदान ४०० बाय ४०० पिक्सेल, आकार ८ एमबीच्या आत.

मागच्या आडव्या पट्टीचा आकार १५८४ बाय ३९६ पिक्सेल आहे आणि तिचा डावीकडचा खालचा भाग तुमच्या फोटोखाली झाकला जातो, तेव्हा तिथे अक्षरं नकोत. तिथे प्लँटचा फोटो लावावासा वाटतो. पण रिफायनरी, संरक्षण साहित्य आणि बऱ्याच केमिकल कारखान्यांत आवारात फोटो काढायलाच मनाई असते. असा फोटो प्रोफाइलवर दिसणं म्हणजे नियमभंगाचा पुरावा स्वतःच लावणं. साधा एक रंग लावा, तेवढं पुरे.

हेडलाइन: २२० अक्षरं

नावाखालची ही ओळ शोधाच्या यादीत, निमंत्रणात, टिप्पणीखाली, सगळीकडे तुमच्याबरोबर फिरते. तुम्ही काही लिहिलं नाही तर लिंक्डइन सध्याचं पद आणि कंपनीचं नाव आपणच घालतं आणि 'इंजिनिअर, अमुक इंडस्ट्रीज' एवढ्यावर भागवतं. इंजिनिअर कसला, हे त्यातून कळत नाही.

'सीकिंग अपॉर्च्युनिटीज', 'हार्डवर्किंग', 'डायनॅमिक' हे शब्द काढून टाका. असं टाइप करून माणूस कुणी शोधत नाही. क्रम साधा ठेवा: काम काय, कोणत्या वस्तूवर किंवा क्षेत्रात, कोणती साधनं किंवा मानकं, मग पदविका. लिहायचं इंग्रजीतच, कारण पुण्या-अहमदाबादचा रिक्रूटर (नोकरीसाठी माणसं शोधणारा) इंग्रजी शब्दांनीच शोधतो. मजकूर असा असावा:

क्वालिटी इंजिनिअर, डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर | रूटीन टेस्ट, आयएस ११८० | डिप्लोमा इलेक्ट्रिकल

अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह | टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन | उत्पादन कंपनीत ४ वर्षं

बीएस्सी केमिस्ट्री २०२५ | एचपीएलसी, टायट्रेशन | फार्मा क्यूसीत ट्रेनी केमिस्टच्या जागेसाठी उपलब्ध

तिसरी ओळ नवशिक्याची आहे. अनुभव नसला तरी हाताखालून गेलेलं उपकरण आणि हवी असलेली जागा सांगता येते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एचपीएलसी फक्त लांबून पाहिलं असेल तर मात्र ते लिहू नका. मुलाखतीतला पहिलाच प्रश्न कॉलमबद्दल येईल.

ठिकाणाच्या रकान्यात लिंक्डइन वडोदरा देतं, तेच निवडा. आपण घरात बडोदं म्हणतो, आणि विद्यापीठाच्या व बँकेच्या नावात बडोदा तसंच टिकून आहे. बाहेरगावचे काही लोक अजून त्याच नावाने शोधतात. म्हणून पुढे अबाउटमध्ये 'बरोडा' हा इंग्रजी शब्द एकदा येऊ द्या. पुण्याला जायची तयारी असेल तर ठिकाण पुणे लिहून मोकळे होऊ नका. 'उद्या मुलाखतीला या' असा फोन आला की ते उघडं पडतं. त्यासाठी, नोकरी शोधत असल्याचं कळवणाऱ्या 'ओपन टू वर्क'मध्ये एकाहून जास्त शहरं भरायची सोय आहे. तिथेच आणखी एक निवड करावी लागते: फक्त रिक्रूटरना दाखवायचं की सगळ्यांना. सगळ्यांना म्हटलं की फोटोभोवती हिरवी कड येते. नोकरीत असाल तर फक्त रिक्रूटर निवडा. लिंक्डइन तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून हे लपवायचा प्रयत्न करतं, पण पूर्ण खात्री देत नाही, हे धरून चाला.

शिक्षण

इथे एक चूक फार होते. विद्यापीठाच्या रकान्यात नुसतं 'एमएसयू' टाइप केलं तर त्याच आद्याक्षरांची परदेशातली विद्यापीठंही समोर येतात, अमेरिकेतलं मिशिगन स्टेट त्यांपैकीच एक. घाईत भलतंच निवडलं जातं. 'महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा' असं पूर्ण नाव लिहा आणि खाली उघडणाऱ्या यादीतून निवडा. नुसतं टाइप करून पुढे गेलात तर बोधचिन्ह येत नाही आणि तुम्ही माजी विद्यार्थ्यांच्या यादीत जोडले जात नाही. कंपनीच्या नावाचंही तसंच.

विद्यापीठाच्या तंत्रशिक्षणाच्या फॅकल्टीसाठी कलाभवन हा शब्द आपल्या तोंडी आहे, १८९० पासूनचा त्याचा मान मोठा आहे, पण शोधणारा 'फॅकल्टी ऑफ टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग' शोधतो. ते वर्णनात लिहा. गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीशी जोडलेल्या कॉलेजातून शिकलेल्यांनी कॉलेजचं नाव रकान्यात आणि विद्यापीठाचं वर्णनात द्यावं. आयटीआयवाल्यांनी ट्रेडचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसं लिहावं: फिटर, वायरमन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. ते शब्द जसेच्या तसे शोधले जातात. पदवी किंवा पदविका असेल तर दहावी-बारावीची नोंद नसली तरी चालते.

अनुभव: दुसरी संध्याकाळ

कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांपासून सुरुवात करू, कारण त्यांची अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. काम मोठ्या कंपनीच्या प्लँटवर, गेटपास तिचा, पण पगार ठेकेदाराच्या फर्मकडून. प्रोफाइलवर मोठ्या कंपनीचं नाव लिहावंसं वाटतं. ते करू नका. नवी कंपनी नेमणुकीआधी पार्श्वभूमी तपासते तेव्हा पीएफची नोंद पाहिली जाते, आणि तिथे आस्थापना म्हणून ठेकेदाराच्या फर्मचं नाव असतं. काम खरं असूनही माहिती खोटी ठरते आणि हातात आलेलं ऑफर लेटर परत जाऊ शकतं. कंपनीच्या रकान्यात फर्मचं नाव, एम्प्लॉयमेंट टाइपमध्ये कॉन्ट्रॅक्ट, आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत 'अमुक कंपनीच्या तमुक प्लँटवर नेमणूक' असं लिहा. मोठ्या कंपनीचं नाव अशाने शोधात येतंच. अप्रेंटिसशिप केली असेल तर तिच्यासाठी त्याच यादीत वेगळा पर्याय आहे, तो निवडा. पहिली नोकरी म्हणून ती दाखवू नका.

तारखा महिन्यासकट आणि सर्व्हिस हिस्टरीशी जुळणाऱ्या. एकाच कंपनीत बढती मिळाली असेल तर त्याच कंपनीखाली नवं पद जोडा. दोन वेगळ्या नोंदी केल्या तर घाईत वाचणाऱ्याला वाटतं की माणूस सारखा नोकऱ्या बदलतो.

मधे खंड असेल तर तो लपवायला तारखा ताणू नका. 'करिअर ब्रेक' असा पर्याय २०२२ पासून आहे. बाळंतपण, घरच्यांचं आजारपण, शिक्षण अशी कारणं त्यात निवडता येतात. त्या काळात शिकवण्या घेतल्या, कुणाचे हिशेब लिहिले, कोर्स केला, तर दोन ओळींत तेही सांगा.

आता वर्णन. जागा २००० अक्षरांची असते, पण तीन ते पाच ओळी पुरतात. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलं जातं, आणि त्यामुळे चांगली माणसं इथे येऊन 'टेस्टिंगचं काम पाहतो' एवढंच लिहून थांबतात. त्यावर उपाय साधा आहे: विशेषण एकही नको, फक्त वस्तू, कृती आणि संख्या. 'उत्तम', 'कुशल' हे शब्द नसतील तर फुशारकीला जागाच उरत नाही. नमुना पाहा.

आधी: ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगची जबाबदारी.

नंतर: डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरच्या रूटीन चाचण्या: वाइंडिंग रेझिस्टन्स, रेशो, इन्सुलेशन रेझिस्टन्स, नो-लोड आणि लोड लॉस. एका पाळीत सरासरी ८ नग. टेस्ट रिपोर्ट तयार करणं आणि ग्राहकाच्या निरीक्षकासमोर चाचणी करून दाखवणं.

आधी: अकाउंट्स आणि टॅक्सेशन.

नंतर: ३ जीएसटी नोंदण्यांची जीएसटीआर-१ दरमहा ११ तारखेच्या आणि ३बी २० तारखेच्या आत भरणं. टॅली प्राइममध्ये महिन्याला सुमारे ६०० व्हाउचर. ४ बँक खात्यांचं रिकन्सिलिएशन.

हे आकडे नमुन्याचे आहेत; तुमचे तुम्हीच काढायचे. 'माझ्या कामात मोजण्यासारखं काही नाही' असं वाटलं तर पाळीच्या लॉगबुकातले एका आठवड्याचे नग मोजा आणि सरासरी काढा. यंत्रं किती, हाताखाली माणसं किती, ग्राहक किती, नाकारलेला माल आधी किती टक्के होता आणि नंतर किती, यातलं काहीतरी असतंच. नक्की आकडा नसेल तर 'सुमारे' लिहा, पण वाढवू नका. मुलाखत घेणारा त्याच धंद्यातला असतो, एका पाळीत किती नग होतात हे त्याला ठाऊक असतं. याच्या उलट काळजीही घ्यायची: ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबर, एकूण उत्पादन, दर यांतलं जे कंपनीने बाहेर सांगितलेलं नाही ते तुम्हीही लिहायचं नाही.

अबाउट आणि स्किल्स

अबाउटमध्ये २६०० अक्षरं बसतात, पण 'सी मोअर' दाबण्याआधी जेमतेम तीन ओळी दिसतात. म्हणून 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड' अशी सुरुवात नको. पहिल्या दोन वाक्यांत सध्याचं काम, वर्षं आणि क्षेत्र. दुसऱ्या परिच्छेदात सोडवलेली एक-दोन कामं. तिसऱ्यात पुढे काय हवं आहे, कोणत्या शहरांत जायची तयारी आहे, आणि नोटिस पिरियड. सगळं मिळून १२०० ते १५०० अक्षरं झाली की थांबा.

स्किल्स १०० पर्यंत भरता येतात. वीसच्या आसपास पुरेत, आणि तीही टाइप केल्यावर खाली जी यादी उघडते तिच्यातूनच निवडलेली, कारण रिक्रूटरची चाळणी त्याच ठरीव नावांवर चालते. सर्वांत महत्त्वाची पाच वर आणा. 'एमएस ऑफिस' आणि 'टीमवर्क'पेक्षा 'फानुक', 'डीसीएस', 'जीएमपी' असे नेमक्या यंत्राचे किंवा पद्धतीचे शब्द जास्त काम करतात.

लँग्वेजेस हा भाग लोक सोडून देतात, आणि बडोद्याच्या मराठी माणसाने तो कधीच सोडू नये. घरी मराठी, बाजारात आणि कारखान्यात गुजराती, शिवाय हिंदी आणि कामापुरती का होईना इंग्रजी: गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे ग्राहक असलेल्या कंपनीला सेल्स, सर्व्हिस आणि खरेदीच्या जागेसाठी असा माणूस सहज मिळत नाही. चारही भाषा नोंदवा, प्रत्येकीची पातळी प्रामाणिकपणे निवडा. गुजराती बोलता अस्खलित पण पत्र लिहिता येत नसेल तर सर्वांत वरची पातळी निवडू नका.

शेवटी प्रोफाइलचा पत्ता. लिंक्डइन नावामागे अक्षरं-आकड्यांची शेपटी लावतं. 'पब्लिक प्रोफाइल अँड यूआरएल'मध्ये जाऊन नाव-आडनाव एवढंच ठेवा. ते कुणी घेतलं असेल तर पुढे ट्रेड किंवा शहर जोडा. हा पत्ता बायोडेटावर छापायचा असतो, म्हणून एकदाच नीट ठरवा.

पहिली पन्नास माणसं

प्रोफाइल भरल्याशिवाय निमंत्रणं पाठवू नका. समोरचा उघडून पाहतो आणि रिकामं पान दिसलं की सोडून देतो. सुरुवात वर्गमित्र, शिक्षक, आजी-माजी सहकारी यांच्यापासून करा. अनोळखी माणसांना घाऊक निमंत्रणं पाठवली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी ओळख नसल्याचं कळवलं, तर लिंक्डइन निमंत्रणं पाठवण्यावर बंधन घालतं. पाठवलेलं निमंत्रण मागे घेतलं तर त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

खरी खाण आहे ती विद्यापीठाच्या पानावरचा 'अ‍ॅलम्नाय' भाग. तिथे माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठे काम करतात, काय शिकले यावरून गाळून पाहता येतं. पुणे, इलेक्ट्रिकल आणि हवी ती कंपनी अशी चाळणी लावा. आपल्याच फॅकल्टीतून गेलेली माणसं समोर येतात. मोफत खात्यावर चिठ्ठीसह निमंत्रणं महिन्याला मोजकीच पाठवता येतात आणि चिठ्ठीत २०० अक्षरं बसतात, तेव्हा ती अशाच लोकांसाठी राखून ठेवा. समोरचा मराठी असेल तर मराठीत लिहायला हरकत नाही:

'नमस्कार सर, मी एमएसयूतून २०२३ साली इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला. सध्या मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला आहे. तुम्ही याच क्षेत्रात आहात, ओळख असावी म्हणून निमंत्रण पाठवतो आहे.'

यात नोकरी मागितलेली नाही, आणि पहिल्या निरोपात मागायचीही नाही. निमंत्रण स्वीकारल्यावर दोन-चार दिवसांनी एखादा नेमका प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर पाच मिनिटांत देता येईल: टेस्टिंगमधून डिझाइनकडे जायला कोणतं सॉफ्टवेअर आधी शिकावं, असा. शहरातल्या ओळखीतले काका असले, मंडळाच्या गणपतीत रोज भेटत असले, तरी तिथे 'सर' किंवा 'मॅडम'च लिहा. ती त्यांची कामाची जागा आहे.

शिफारस मागायची ती ज्याने तुमचं काम रोज पाहिलं त्याच्याकडे. मोठ्या साहेबाची दोन गोड वाक्यं असली तरी पाळीच्या सुपरवायझरने 'याने केलेल्या रिपोर्टमध्ये चूक सापडत नसे' असं लिहिलेलं जास्त वजनदार असतं. कोणत्या कामाबद्दल लिहायचं ते मागतानाच सांगा.

निरोप येऊ लागले की

खोटे रिक्रूटर इथेही आहेत. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचे पैसे, यांतलं काहीही मागितलं की बोलणं थांबवा. लगेच टेलिग्रामवर या, व्हिडिओला लाइक करा आणि पैसे मिळवा, हा दुसरा प्रकार. प्रोफाइल किती जुनं आहे, त्याला पडताळणीची खूण आहे का, कंपनीच्या पानावर त्या माणसाचं नाव दिसतं का, हे आधी पाहा. रिफायनरी आणि पाइपिंगच्या कामाला आखातात नेणाऱ्या एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ईमायग्रेट पोर्टलवर तपासता येते. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

खऱ्या रिक्रूटरचा निरोप बहुधा दोन ओळींचा असतो आणि तो तुमच्यासारख्या आणखी काही जणांना गेलेला असतो. त्याला त्याच दिवशी उत्तर द्या आणि त्याला जे विचारावं लागलं असतं ते आधीच सांगून टाका: एकूण अनुभव, सध्याचं ठिकाण, नोटिस पिरियड किती दिवसांचा, मुलाखतीला कोणत्या वेळी मोकळे. पगाराची अपेक्षा विचारली तर आकडा सांगण्याआधी कामाचं स्वरूप, पाळ्या आणि बसची सोय विचारून घ्या. वाघोडिया, सावली किंवा पोर अशा शहराबाहेरच्या ठिकाणी रोज जायचं-यायचं असेल तर हातात पडणाऱ्या रकमेत बराच फरक पडतो. सोबत बायोडेटा जोडायचा तो पीडीएफमध्ये, फाइलला तुमचं नाव आणि ट्रेड दिलेलं, आणि त्यातल्या तारखा प्रोफाइलवरच्या तारखांशी महिन्यापर्यंत जुळलेल्या.